भाता नसलेली पेटी

पेटीचा भाता डाव्या हाताने मारतात. लहानपणापासून मी ते बघत होते, पण त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. अण्णांचा डावा खांदा गेला, तेव्हा ते लक्षात आलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. खंडाळ्याला एका बंगल्यावर ते माळी आहेत. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी फांद्या छाटताना शिडी सरकली आणि ते डाव्या अंगावर पडले. हाड बसलं, पण खांदा आखडून गेला. कोपरापासून खालचा हात चांगला आहे. बोटांनी ते शर्टाची बटणं लावतात, भाकरी मोडतात. हात पुढे-मागे करायचा झाला की मात्र तो अर्ध्यातच थांबतो. बंगल्याच्या मालकांनी त्यांना कामावरून काढलं नाही, गेटवर खुर्ची दिली. घरात सगळ्यांना त्याचंच समाधान होतं. अण्णांचं भजन सुटलं, हे कोणी मोठ्याने बोललं नाही.

पवनानगरच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याकडेला आमचं गाव आहे. गावात दहा-बारा जणांचं भजनी मंडळ आहे आणि अण्णा त्यात पंचवीस वर्षं पेटी वाजवत होते. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मंडळाचे मुख्य गाणारे आबा, ते गात गेले आणि अण्णा त्यांच्या मागे बोटं शोधत गेले. आबा आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचा आवाज काळी चारच्या पट्टीत लागतो, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. आबांनी खाकरून घसा साफ केला की अण्णांचं बोट त्या पट्टीवर आधीच गेलेलं असायचं.

खांदा गेल्यावर मी एकदा मदत करायला गेले होते. अण्णांनी उजव्या हाताने वाजवायचं आणि मी शेजारी बसून भाता मारायचा, असं ठरलं. घरातच, चहा झाल्यावर बसलो. मी अगदी नीट, एकसारखा भाता मारत होते. सायकलला हवा भरावी तसा. अण्णांनी अर्धा अभंग वाजवला, मग पेटीवर हात ठेवून थांबले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, तुजा हात भरून येईल." माझा हात मुळीच भरून आला नव्हता. काय चुकलं ते मला त्या वेळी समजलं नाही. त्यांनी पेटीला कापड गुंडाळलं आणि मला ती कपाटावर ठेवायला सांगितली.

त्या वर्षी कार्तिकातला काकडा पेटीशिवाय झाला. आमच्याकडे कोजागरीपासून महिनाभर पहाटे देवळात काकडआरती आणि भजन असतं. स्पीकरचा आवाज घरात यायचा. अण्णा उठून बसायचे आणि चूल पेटवायचे. पाणी तापायचं, पण अंघोळ करून जायला कुठे नसायचं.

मी लोणावळ्याला कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात काही वस्तू घ्यायची झाली, अगदी मिक्सर असला तरी, सगळे माझ्याकडे बघतात. मला त्यातलं काही कळत असतंच असं नाही. पण नाही म्हणायची मला लाज वाटते. मग मी वही काढते.

कीबोर्डचं मनात आलं ते कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची तालीम बघताना. एक मुलगा कीबोर्ड वाजवत होता. डाव्या हाताने तो नुसता दोन-तीन पट्ट्या दाबून धरत होता आणि मागे आपोआप ढोलकी, गिटार, सगळा ताफा चालू होता. असल्या कीबोर्डला अरेंजर म्हणतात, हे त्यानेच सांगितलं. सगळे त्याचं गाणं ऐकत होते. मी त्याचा डावा हात बघत बसले होते. त्या हाताला भाता नव्हता.

खरं सांगायचं तर, त्याच दिवशी मला तो स्वतःसाठीही हवासा वाटला. मला पेटी थोडी येते, अण्णांच्या शेजारी बसून आलेली. तो मुलगा शेवटच्या वर्षाला होता. पुढच्या वर्षी त्याच्या जागी कोण, अशी चर्चा निघाली तेव्हा माझा हात थोडासा वर झाला. कोणी मोजला की नाही, माहीत नाही.

आमच्या शेजारचे काका धरणाकाठी तंबूंचा कॅम्प चालवतात. त्यांचं फोनवरचं बुकिंग मी घेते, त्याचे पैसे साठत होते. पंधरा हजारांच्या वर जायचं नाही, असं ठरवून मी शोधायला लागले. रोज जीपमध्ये, लोकलमध्ये फोनवर व्हिडिओ बघायचे आणि वहीत लिहायचं. पट्ट्या एकसष्ट हव्यात आणि पूर्ण मापाच्या हव्यात. बॅटरीवर चालला पाहिजे, कारण देवळात पहाटे लाइट असेलच असं नाही. पेटीचा आवाज हवा, तबला-ढोलकीचे ठेके हवेत. फोनला जोडता यावा. पट्टी हळू दाबली तर हळू आणि जोरात दाबली तर जोरात वाजली पाहिजे. असे अकरा मुद्दे झाले. आज ती वही बघितली की कळतं, त्यातले सात माझ्यासाठी होते.

लोणावळ्यात एकजण जुना कीबोर्ड विकत होता. आधी तो बघायला गेले. तो गृहस्थ खंडाळ्याच्या हॉटेलांत पाहुण्यांसमोर वाजवायचा. त्याच्या कीबोर्डच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या आणि ते त्याने स्वतःच सांगितलं. मी वही उघडून किती आवाज, किती ठेके असं विचारायला लागले तेव्हा त्याने मला थांबवलं.

"ते सोड. वाजवणार कोण?"

मी म्हटलं, "मी."

का तसं म्हटलं, कोण जाणे. वडिलांसाठी घेते आहे, त्यांचा हात वर होत नाही, हे एका अनोळखी माणसासमोर बोलायला जीभ उचलली नाही. त्याने मग एका विद्यार्थिनीला सांगावं तसं मला सगळं नीट समजावून दिलं. सहाशे आवाज असलेलं एक नवीन मॉडेल त्याने सुचवलं. माझ्या अकराही मुद्द्यांवर मी बरोबरची खूण केली.

अण्णांना मी सांगितलं ते भाद्रपद संपता संपता. त्यांना वाटलं, माझ्या कॉलेजसाठीच हवा आहे. ते लगेच हो म्हणाले. मग मी म्हटलं, याला भाता नसतो अण्णा, तुम्हाला काकड्याला वाजवता येईल. आईने विचारलं, "आबा बसू देतील व्हय आसला डबा देवळात?"

ही भीती खरी होती. आबांच्या कानावर ते गेलंच. पिठाच्या गिरणीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले की विजेच्या पेटीचा सूर आपल्या पेटीला कधी मिळत नाही. शेजारच्या गावात आणली होती तर निम्मं भजन एका गावाला आणि निम्मं दुसऱ्या गावाला चाललं होतं. "पखवाज उतरवू आमी," ते म्हणाले, "पर माजा गळा कोन उतरवनार?"

हे मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, आबांचं बरोबर आहे. त्या संध्याकाळी त्यांनी आईकडून कपाटावरची पेटी खाली काढून घेतली आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर मागितला. मी आत अभ्यासाला बसले होते. मला वाटलं, पेटी विकायच्या आधी साफ करताहेत. उठून विचारायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने कामशेतला आणि तिथून तळेगावला गेलो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाद्यांच्या दुकानातला दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. मी मॉडेलचं नाव सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि खोक्यातून तो सहाशे आवाजांचा कीबोर्ड काढून टेबलावर मांडला. त्याने एक पट्टी दाबली आणि अख्खं दुकान वाजायला लागलं, बासरी, ढोलकी, टाळ्यासुद्धा. अण्णा दोन पावलं मागे सरले.

"काका, बसा ना. घाबरू नका, काही बिघडत नाही."

अण्णा बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, घाम पुसताहेत. रुमालाच्या घडीत पितळेची एक बोटभर पट्टी होती, मधोमध कापलेली बारीक जीभ असलेली. पेटीच्या पोटात अशा ओळीने बसवलेल्या असतात. हवा गेली की ती जीभ थरथरते आणि सूर निघतो. आमच्या पेटीतला काळी चारचा सूर त्यांनी काढून आणला होता. म्हणजे आदल्या संध्याकाळी पेटी उघडली होती ती यासाठी.

त्यांनी ती पट्टी ओठांत धरली आणि हलकेच फुंकली. बारीक, नाकातून आल्यासारखा सूर निघाला. तो चालू ठेवून त्यांनी कीबोर्डवरची काळी चार दाबली. दोन्ही आवाज एकत्र झाले आणि त्यांच्यामधून वं-वं-वं अशी एक लाट उठायला लागली.

मला ती लाट ओळखू आली. पहिल्या वर्षाला प्रयोगशाळेत आम्ही दोन नादकाटे घेऊन हेच केलं होतं. तिला बीट्स म्हणतात. दोन सुरांत जरासा फरक असला की त्या ऐकू येतात आणि फरक मिटला की थांबतात. परीक्षेत मला त्याचे पूर्ण गुण होते. पण त्या दिवशी नादकाटे धरायची माझी पाळी येईपर्यंत तास संपला होता, त्यामुळे मी ते नुसतं लिहिलं होतं. ऐकलं आत्ता, अण्णांच्या तोंडून.

"आपली पेटी वाईच चढी हाय," अण्णा मला म्हणाले. "ह्यो खाली बोलतोय."

दुकानदार म्हणाला, कीबोर्ड एकदम परफेक्ट असतो काका, तुमची पेटीच चुकीची असेल. अण्णा म्हणाले, "आसंल बी. पर गाव तिच्यासंगं गातंय."

मी घाबरत विचारलं की सूर थोडासा चढवायची सोय असते ना. व्हिडिओत बघितलं होतं, वहीत लिहिलं नव्हतं. दुकानदाराने मेनू शोधला. चारशे चाळीस असा आकडा होता. मी तो एकेक करून वाढवत गेले आणि अण्णा सूर फुंकत राहिले. लाट मंद होत गेली. चारशे चव्वेचाळीसला ती थांबली. दोन आवाजांचा एकच झाला. अण्णांनी पितळेची पट्टी ओठांतून काढली तरी तो सूर चालूच होता. दुकानदाराने आत जाऊन आमच्यासाठी चहा सांगितला.

मला वाटलं, काम झालं. मी पैशांच्या पाकिटाला हात लावला. अण्णा वाजवायला लागले होते. दीड वर्षानंतर त्यांची बोटं पट्ट्यांवर चालताना मी बघत होते आणि ती अजिबात अडखळत नव्हती. पण त्यांचा डावा हात कीबोर्डच्या मागे जायला बघत होता. अर्ध्यात थांबायचा, परत मांडीवर यायचा, पुन्हा निघायचा. तिथे काही नाही, हे त्या हाताला पटत नव्हतं. चार ओळी वाजवून त्यांनी बोटं उचलली.

"सूर हाय," ते म्हणाले. "दम न्हाई."

दुकानदाराने सांगितलं, पट्टी जोरात दाबा, जोरात वाजेल. अण्णांनी दाबली. सूर जोरात सुरू झाला आणि तसाच जोरात राहिला. तो मध्येच वाढत नव्हता, विरत नव्हता. तेव्हा मला माझा सायकलच्या पंपासारखा भाता आठवला. अण्णा भात्याने नुसती हवा भरत नव्हते. आबांची ओळ संपत आली की ते हात हलका करायचे, ओळ उचलली की भरायचे. माझ्या अकरा मुद्द्यांत हे कुठेच नव्हतं, कारण लोणावळ्याच्या त्या माणसाने मला वाजवणार कोण म्हणून विचारलं होतं आणि मी चुकीचं उत्तर दिलं होतं.

या वेळी मी दुकानदाराला सगळं सांगितलं. खांद्याचं, भात्याचं, काकड्याचं. आवाज कमी-जास्त करायची बटणं त्याने दाखवली. एक अधिकचं, एक उण्याचं. अण्णांनी दाबून बघितली. आवाज जिना चढल्यासारखा पायरी-पायरीने वर गेला. पायाने आवाज वाढवायची सोय असलेले कीबोर्ड होते, ते आमच्या आवाक्याबाहेरचे होते. मग तो म्हणाला, एक जुनं मॉडेल आहे, पण ताईंना आवडेल की नाही माहीत नाही.

खालच्या फळीवर तो होता. दाखवण्यासाठी ठेवलेला, त्यामुळे थोडा फिकटलेला. आवाज निम्म्याहून कमी, पडदा बारका, फोनला जोडायची सोय नाही, पट्टी हळू दाबा की जोरात, सारखीच वाजणार. माझ्या वहीतल्या पाच खुणा तिथेच पुसल्या गेल्या. पण त्याच्या डाव्या बाजूला, पट्ट्यांच्या अगदी वर, आवाजाचं एक गोल बटण होतं. रेडिओला असतं तसं फिरवायचं.

अण्णांनी डावं कोपर टेबलावर टेकवलं आणि दोन बोटांत ते बटण धरलं. आधी मी मघाचाच आकडा लावून दिला. मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली. सूर अगदी लहान निघाला, हळूहळू भरत आला, ओळीच्या शेवटाला विरत गेला आणि पुढची ओळ घेताना पुन्हा उचलला. बटणावरच्या त्या दोन बोटांची हालचाल दिसतसुद्धा नव्हती. खांदा जागच्या जागी होता. चहा घेऊन आलेला माणूस कप हातात धरूनच उभा राहिला.

वाजवून झाल्यावर अण्णा माझ्याकडे वळले. "ह्येच्यात तुजं काय?"

मलाही तो हवा आहे, हे ते विसरले नव्हते. मी म्हटलं, यातही ठेके आहेत अण्णा, शंभर आहेत. ते म्हणाले, "त्या दुसऱ्यात सहाशे व्हते." मी म्हटलं, ठेके नव्हेत, आवाज सहाशे होते. इतकंच बोललो. मी आतून थोडी खट्टू होते, नव्हते असं म्हणणार नाही. पण तो सूर विरत जाताना मी ऐकला होता. आम्ही तो जुना घेतला. दुकानदाराने स्टँड आमच्याकडून काही न घेता दिला आणि अण्णांना विचारलं, तो पितळेचा सूर एकदा मला फुंकू द्याल का. त्याने फुंकला तर नुसती हवा गेली.

कोजागरीला आठ दिवस होते. अण्णा रोज गेटवरून आले की बसायचे. एक अडचण होती. कुठेतरी बोट लागायचं आणि एकदम ठेका सुरू व्हायचा, तोही नाचाचा. आई हसून म्हणाली, "देवळात आसं झालं तर आबा उठून नाचतील." अण्णांना ते हसण्यासारखं वाटलं नाही. मग मी इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी आणली आणि चालू-बंद, गोल बटण आणि पट्ट्या सोडून बाकी सगळं झाकून टाकलं. अरेंजर म्हणून घेतलेल्या कीबोर्डचं अरेंजर मी स्वतःच बंद केलं. आता तो खरंच काळा डबा दिसत होता.

पहिल्या काकड्याला थंडी चांगली पडली होती. धरणावरून धुकं वर आलं होतं. देवळात अण्णांनी कीबोर्ड त्यांच्या जुन्या जागी, आबांच्या उजव्या हाताला लावला. मंडळी बघत होती. आबा आले, बसले आणि डब्याकडे न बघता त्यांनी घसा साफ केला. अण्णांनी काळी चार दाबली.

आबांनी लगेच सूर लावला नाही. मान तिरकी करून ते ऐकत राहिले. मी स्त्रियांच्या बाजूला खांबाशी बसले होते आणि लाट येते का ते ऐकत होते. आबांनी आ लावला. लाट आली नाही.

मग भजन सुरू झालं. पखवाज, टाळ, सगळं. दुसऱ्या अभंगात आबांनी एक ओळ धरली आणि सोडेनात. मला कळलं, ते परीक्षा घेत होते. भाता मारून थकायचा हात आता नव्हता. अण्णा सूर धरून राहिले, आबा सूर धरून राहिले. मग आबांचा आवाज जरासा कातर झाला. अण्णांची दोन बोटं गोल बटणावर हलली आणि सूर खाली आला, आबांच्या दमाबरोबर, त्यांच्या आधी नाही आणि नंतरही नाही. ओळ दोघांची एकदम संपली.

आबांनी उपरण्याने तोंड पुसलं. "आता तुला दम लागत न्हाई व्हय रं," ते अण्णांना म्हणाले. "आन् माजा काडतोस."

सगळे हसले. अण्णासुद्धा हसले, खाली बघून. आबांनी पुढचा अभंग घेतला.

उजाडल्यावर आम्ही घरी आलो. मला कॉलेजची घाई होती, सातची जीप गाठायची होती. अण्णांनी कीबोर्ड पुसून पाटावर ठेवला आणि कपाटावरची पेटी उतरवून घेतली. पितळेचा सूर तिच्यात परत बसवून दोन्ही स्क्रू आवळले. मग मला हाक मारली. मी वेणी घालत बाहेर आले तर ते चिकटपट्टीचं एक टोक नखाने उचलत होते.

"ढोलकी कंच्या बटनात हाय?" त्यांनी विचारलं. "ती दाव. तुजं कालेजातलं कवा हाय?"

मी म्हटलं, डिसेंबरात, आणि मला घेतील की नाही ते अजून नक्की नाही. ते म्हणाले, घेतील की नाही ते मागून बघू, पट्टी तर काढ. मी काढली. त्यांनी ठेका सुरू केला, थोडा वेळ मान हलवत ऐकला, मग सरकून मला जागा दिली. माझी सातची जीप गेली. पुढची पावणेआठला होती.